न्यू जर्सीत घर: शाळेचा आकडा, रीसेल आणि "तिथली मुलं"

रॅरिटनकाठची (धागाकर्ती)

घर घ्यायचं ठरलं आहे. नवऱ्याचं ऑफिस न्यू ब्रन्सविकला, मला अधूनमधून मॅनहॅटन, लेक येत्या सप्टेंबरात पहिलीत जाईल. शोध दोन ठिकाणांवर येऊन थांबलाय: वेस्ट विंडसर-प्लेन्सबोरो आणि फ्रँकलिन टाउनशिप. घरं जवळपास सारखी, फ्रँकलिनचं स्वयंपाकघर तर जास्त चांगलं. फ्रँकलिनचं घर सात लाख डॉलरांचं, वेस्ट विंडसरचं त्याहून दीड लाखाने महाग. एजंट काही बोलत नाही, पण इथे घराच्या पत्त्यावरून शाळा ठरते, त्यामुळे फरक शाळेचा आहे हे सगळ्यांनाच कळतं.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे तुम्हाला भांडायला सोपं. मला फ्रँकलिन घ्यायचंय. गोरे, काळे, हिस्पॅनिक, आशियाई सगळे तिथे आहेत आणि बहुमत कुणाचंच नाही. हे ऐकलं की ओळखीतली मराठी मंडळी आधी "रीसेल" म्हणतात, म्हणजे पुढे घर विकताना मिळणारा भाव. जरा ताणून धरलं की "तिथली मुलं कशी असतात माहितीये ना" इथवर गाडी येते आणि मग कुणीतरी चहाचं विचारतं.

शाळांना गुण देणाऱ्या ग्रेटस्कूल्स या साइटचा आकडा झिलो या घरांच्या ॲपवर घराच्या फोटोंच्या खालीच येतो. तो बराचसा चाचण्यांच्या गुणांवर ठरतो. आणि गुणांचा संबंध शाळेपेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त असतो, हे १९६६च्या कोलमन अहवालापासून अमेरिकेत सांगून झालंय. मग माझे दीड लाख जाणार कुठे? शेजाऱ्यांच्या डिग्र्यांसाठीच ना? माझी मुलगी अशा वर्गात बसावी जिथे निम्म्यांचे आईबाप एकाच धंद्यात नाहीत, एवढंच मला हवंय. उलट मत जरूर मांडा, पण नुसतं "रीसेल" म्हणून सोडू नका.

बेलेमीडचा_बाबा

का सोडू नको? रीसेल हा शब्द तुम्ही असा उच्चारता जणू आम्ही काही चोरतोय.

आमची परिस्थिती सांगतो. एच-१बी म्हणजे नोकरीवरचा व्हिसा, ग्रीन कार्डच्या रांगेत एक तप उलटून गेलं. उद्या नोकरी गेली तर हातात ६० दिवस. तेवढ्यात नवी नोकरी मिळाली तर ठीक, नाहीतर घर विकून निघायचं. अशा माणसाचं घर आठवड्यात विकलं गेलं पाहिजे, आणि ते शाळेच्या नावावरच विकलं जातं. सँड्रा ब्लॅक या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९९९ मध्ये बॉस्टनच्या उपनगरांवर शोधनिबंध लिहिला होता. शाळेचे गुण ५ टक्क्यांनी जास्त, तर लोक घराला २.५ टक्के जास्त मोजतात. म्हणजे शाळेसाठी दिलेले पैसे खर्च होत नाहीत, निघताना पुढचा बाप ते तुम्हाला परत देतो. फ्रँकलिनमध्ये वाचवलेले दीड लाख तुम्ही कशात घालणार? एस्टिमेट करा आणि सांगा.

आणि मुलगी तुमची आहे, तुमच्या तत्त्वांची प्रयोगशाळा नाही.

रॅरिटनकाठची

ब्लॅकबाईंचं चालेल मला. सात लाखांवर दीड लाख म्हणजे वीस टक्क्यांच्या वर. त्यांच्या हिशोबाने गुण चाळीस टक्क्यांनी जास्त हवेत. आहेत का? शिवाय त्यांनी तुलना केली ती एकाच शाळा-डिस्ट्रिक्टमधल्या (म्हणजे एकाच शाळा मंडळाखालच्या), शाळांच्या हद्दीच्या अल्याड-पल्याडच्या घरांची. कर तोच, गाव तेच. दोन वेगळ्या गावांना ते गणित लावता येत नाही.

परत मिळण्याबद्दल: मुद्दल मिळेल हो. दीड लाखाच्या कर्जावरचं व्याज आणि दरवर्षीचा कर कोण परत देणार? राज्यातला सरासरी मालमत्ता कर वर्षाला १०,००० डॉलरच्या वर गेलाय आणि त्यातला निम्म्याहून जास्त शाळांकडेच जातो.

बेलेमीडचा_बाबा

चाळीस टक्के? आहेतच. राज्याच्या चाचणीत गणितात पास होणाऱ्यांचं प्रमाण दोन्हीकडे बघा, मग बोलू.

खडू_फळा

पास होणाऱ्यांचं प्रमाण आणि सरासरी गुण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बाबा. पण ते जाऊ दे.

मी बदली शिक्षिका म्हणून अशाच एका मिश्र गावात जाते (नाव लिहीत नाही). ताईंना एक गोष्ट सांगायची आहे, जी घर बघताना कुणालाच दिसत नाही. शाळेच्या दारातून सगळे रंग आत जातात, आणि सातवी-आठवीपासून वर्ग वेगळे होतात. पुढच्या गणिताचा वर्ग, ऑनर्स, हायस्कुलात एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे वर्ग. एपी कॅल्क्युलसच्या वर्गात गेलात तर आपण भारतीयांनी भरलेल्या एडिसनला आलो की काय असं वाटेल. दोन दारं सोडून साध्या गणिताच्या वर्गात एकही भारतीय चेहरा नसतो. जेवणाच्या सुट्टीतली टेबलंही तशीच. आपले पालक वैविध्याचं कौतुक करतात आणि सहावीपासून कुमॉनची शिकवणी लावून मुलाला त्या दुसऱ्या वर्गातून बाहेर काढायची तयारी सुरू करतात.

तेव्हा ग्रेटस्कूल्स सोडा. राज्य दरवर्षी प्रत्येक शाळेचा कामगिरी अहवाल काढतं, ऑनलाइन आहे, फुकट आहे. त्यात दोन गोष्टी बघा. पहिली, विद्यार्थ्यांची वाढ: साधारण सारखे जुने गुण असलेल्या मुलांच्या तुलनेत या शाळेतली मुलं वर्षभरात किती पुढे सरकली. हा आकडा आईबापांच्या डिग्र्या बऱ्याच अंशी बाजूला ठेवतो. दुसरी, एपीच्या वर्गांत कुठल्या गटाची किती मुलं आहेत. मिश्र गावातली शाळा आतूनही मिश्र आहे का, ते तिथे कळतं. फ्रँकलिन असो की आणखी कुठलं गाव, हे न बघता मत बनवू नका. दोन्ही बाजूंना सांगतेय.

सईची_आई

मी दुसऱ्या टोकाची. आम्ही महागडं नाव बघून घर घेतलं, अशा गावात जिथे बहुतेक मुलं भारतीय आणि चिनी. शाळा उत्तम होती, खोटं कशाला बोलू. शिक्षक उत्तम, ऑर्केस्ट्रा उत्तम. पण नववीतली मुलं एकमेकांना गुण विचारत नव्हती, कारण खरं कुणी सांगत नव्हतं. लेक घरी आली की पहिलं वाक्य कुणाला काय मिळालं याचा अंदाज.

हे आमच्याच घरचं आहे असं समजू नका. २०१५ मध्ये वेस्ट विंडसर-प्लेन्सबोरोच्या सुपरिंटेंडेंटनी (तिथल्या सगळ्या शाळांच्या प्रमुखांनी) पालकांना १६ पानी पत्र लिहिलं होतं, मुलांवरच्या ताणाबद्दल. मध्यावधी आणि अंतिम परीक्षा काढल्या, गृहपाठाशिवायच्या रात्री ठेवल्या. त्यावर पालकांत उभी फूट पडली. बरेच गोरे पालक म्हणाले बरं झालं, बरेच आशियाई पालक म्हणाले शिक्षण पातळ करताय. न्यूयॉर्क टाइम्सपर्यंत गेलं ते प्रकरण. दीड लाखात काय काय मिळतं त्या यादीत हेही धरा.

बेलेमीडचा_बाबा

ताण घरातून येतो, सईच्या आई. फ्रँकलिनला गेलात म्हणून आपली माणसं कुमॉन बंद करणार आहेत का?

सईची_आई

नाही. पण शेजारच्या सगळ्या घरांतून एकच आवाज येत असेल तर आपलाही चढतो. मला स्वतःलाच गप्प बसता आलं नसतं, असं नवरा अजून म्हणतो.

जुने_जर्सीकर

तुम्ही सगळेच फार शहाणे आहात, म्हाताऱ्याचंही ऐका.

१९८७ साली जर्सी सिटीत डॉटबस्टर्स नावाची टोळी भारतीयांना मारहाण करायची. कुंकू लावून बाजारात जाणं बायकांनी सोडलं होतं. त्या वर्षी एका भारतीयाचा मारहाणीत जीवही गेला. तेव्हा आम्ही एडिसन-इसेलिनकडे सरकलो, ओक ट्री रोडवर दुकानं उघडली, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर घरं घेतली. कळपाने राहणं आज तुम्हाला कोतेपणा वाटतो. आमच्यासाठी ते रात्री झोप लागणं होतं. रॅरिटनकाठच्या ताई, मिसळून राहायचं की नाही हे निवडता येणं हीसुद्धा आमच्या पिढीची कमाई आहे, एवढं लक्षात असू द्या.

आता बेलेमीडच्या बाबांना. खाली बर्लिंग्टन काउंटीत विलिंगबरो नावाचं गाव आहे. लेव्हिट या घरं बांधणाऱ्या कंपनीने १९५८ मध्ये तिथे घरं विकायला काढली, फक्त गोऱ्यांना. कोर्टाने ते चालू दिलं नाही. काळी कुटुंबं आली, हळूहळू वाढली, आणि गोऱ्यांना घाई झाली: भाव पडायच्या आत विका. एकाने पाटी लावली की शेजारी लावायचा. शेवटी १९७४ मध्ये गावाने अंगणातली "घर विकणे आहे" ही पाटी लावायलाच बंदी घातली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९७७ मध्ये बंदी रद्द झाली, भाषणस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर.

मी त्या गावात राहिलो नाही, पण तिथून निघालेले दोघे माझ्या ऑफिसात होते. दोघांनीही मला "शाळा" हेच कारण सांगितलं होतं. आज पाटीचं काम तुमच्या त्या ॲपवरचा हिरवा-केशरी आकडा करतो, आणि त्यावर बंदीही घालता येत नाही.

टेक्सास_टेंपररी

आमच्याकडे हा हिशोब उघडपणे उलटा मांडतात. १९९७च्या कायद्याने हायस्कूलमधल्या वरच्या दहा टक्क्यांना राज्याच्या विद्यापीठांत थेट प्रवेश आहे. यूटी ऑस्टिनला गर्दी इतकी की तिथे हा आकडा २०२६च्या प्रवेशांसाठी पाच टक्क्यांवर आलाय. डॅलसजवळच्या प्लेनो-फ्रिस्कोच्या चुरशीच्या शाळेत वरच्या पाच टक्क्यांत यायचं म्हणजे काय, ते आमच्या मुलांना विचारा. काही पालक मुद्दाम कमी चुरशीची शाळा बघतात. न्यू जर्सीत असा कायदा नाही, पण कॉलेजं मुलाकडे त्याच्या शाळेच्या संदर्भातच बघतात. ताई, फ्रँकलिन या हिशोबानेही वाईट नाही.

बेलेमीडचा_बाबा

म्हणजे मुलीला मिसळायला नाही, पहिला नंबर काढायला तिथे धाडायचं. मग त्यापेक्षा माझं रीसेल जास्त प्रामाणिक आहे.

रॅरिटनकाठची

या एका वाक्यापुरती मी बाबांच्या बाजूने आहे. टेक्सासचं कारण मला नकोय.

हडपसरहून

रात्री दीड वाजता वाचतोय. इथे पत्त्यावर शाळा नाही, फीवर शाळा. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागांमुळे वस्तीतली मुलं इंग्रजी शाळेत आली, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने पळवाट काढली: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. सोसायटीच्या ग्रुपवर तेव्हा जे वाचलं ते "तिथली मुलं" याच सुरातलं होतं. चालू द्या.

कलम_आणि_पोटकलम

थोडी कायद्याची बाजू, कारण सगळं पालकांच्या मनावर ढकलणं मला पटत नाही.

एजंट गप्प आहे तो शहाणपणाने. १९६८च्या फेअर हाउसिंग कायद्याने वंश बघून गिऱ्हाइकाला एखाद्या भागाकडे वळवायला मनाई आहे. तरी लाँग आयलंडवर न्यूजडे या वर्तमानपत्राने छुपी चाचणी घेऊन २०१९ मध्ये दाखवलं की कितीतरी एजंट तेच करतात.

न्यू जर्सीची गंमत अशी की १९४७च्या राज्यघटनेतच सार्वजनिक शाळांत वंशावरून वेगळं काढायला बंदी आहे. देशभरच्या शाळांतलं वंशभेदाचं विभाजन बेकायदा ठरवणारा ब्राउन खटल्याचा निकाल १९५४चा, म्हणजे आपण सात वर्षं पुढे. प्रिन्स्टनने १९४८ मध्ये काळ्या-गोऱ्यांच्या दोन शाळा एकत्र केल्या: लहान वर्ग सगळे एका इमारतीत, मोठे दुसऱ्या. मग तरीही राज्य असं का? कारण ५६४ गावं आणि जवळपास तेवढेच शाळा-डिस्ट्रिक्ट. बहुतेक ठिकाणी गावाची हद्द तीच शाळेची हद्द. गावाने मोठ्या प्लॉटचीच परवानगी दिली की गरीब कुटुंब आपोआप बाहेर. माउंट लॉरेल खटल्यात राज्याच्या सुप्रीम कोर्टाने १९७५ मध्ये यावरच बोट ठेवलं, वाढत्या गावांनी परवडणाऱ्या घरांचा वाटा उचलायचा. पन्नास वर्षं गावं आणि कोर्ट यांची रस्सीखेच चालू आहे. शाळांमधल्या विभाजनावरून २०१८ मध्ये वेगळा खटलाही दाखल झालाय.

म्हणून ताई, तुमचा हेतू चांगला आहे, पण एका कुटुंबाने फ्रँकलिनला घर घेऊन यातलं काही सुटत नाही. तुमच्या टाउनशिपच्या झोनिंग बोर्डाच्या (कुठे काय बांधायचं ते ठरवणाऱ्या) बैठकीला जाल तर जास्त उपयोग. वेस्ट विंडसरला घर घेऊन तिथल्या परवडणाऱ्या घरांच्या बाजूने उभ्या राहिलात, तर तेही तेवढंच मोलाचं.

दुसरं, यादीत दोनच गावं का? मॉन्टक्लेअरमध्ये १९७०च्या दशकात मॅग्नेट शाळा सुरू झाल्या, म्हणजे पालकांनी पसंती द्यायच्या खास विषयांच्या शाळा, आणि पुढे हायस्कूलच्या खालच्या सगळ्याच तशा झाल्या; पत्त्यावरून शाळा ठरतच नाही. मेपलवुड-साउथ ऑरेंजमध्ये वस्ती मिश्र राहावी म्हणून १९९६ पासून नागरिकांची संस्था काम करते. दोन्हीकडे घरांना भरपूर भाव आहे. मिश्र शाळा म्हटली की किंमत पडते, हे बाबांनी तिथे जाऊन सांगावं.

बेलेमीडचा_बाबा

सांगतो की. तिथे भाव आहे तो न्यू यॉर्कच्या पेन स्टेशनला थेट गाडी जाते म्हणून.

कलम_आणि_पोटकलम

गाडीही थेट, शाळाही मिश्र, आणि भाव चढा. म्हणजे मिश्र शाळेने भाव पाडला नाही. माझं म्हणणं तेवढंच होतं.

जुने_जर्सीकर

मेपलवुडला आता भाव इतके आहेत की मध्यमवर्गीय काळ्या कुटुंबांनाच परवडेनासं झालंय. तुमचं ते मिश्र किती दिवस टिकतं बघा.

रॅरिटनकाठची

मॉन्टक्लेअर नवऱ्याला न्यू ब्रन्सविकसाठी लांब पडेल, नाहीतर मोह झालाच होता.

खडू_फळा यांचं वाचून काल रात्री दोन्हीकडचे अहवाल उघडले. वाढीच्या आकड्यांत फरक आहे, पण ॲपवर दिसतो तेवढा मोठा नाही. एपीच्या वर्गांचं कोष्टक बघून मात्र गप्प बसले. गुरुवारी फ्रँकलिनच्या शाळा मंडळाची बैठक आहे, जाणार आहे. आठवीच्या गणितात कोण कुठल्या वर्गात जातं हे कसं ठरवता, एवढा एकच प्रश्न लिहून नेतेय.

आणि हो, धाग्यावर इतके जण बोललात, पण फ्रँकलिनच्या शाळेत मूल असलेलं कुणीच नाही. असाल तर कृपया लिहा. नावाची गरज नाही.

बेलेमीडचा_बाबा

नसणारच कुणी, हाच माझा मुद्दा आहे. बोली लावायच्या आधी तिथली घरं किती दिवस बाजारात पडून राहतात तेही बघून घ्या.

रॅरिटनकाठची

बघितलं. आमच्या घरावर आणखी तीन बोली आहेत.