पोरगी व्हीगन झाली आणि जेवायला इटालियन हॉटेलात जायचंय

गोठेवाले_काका
नमस्कार मंडळी. पलूसजवळ आमचं घर, गोठ्यात पाच म्हशी, दोन्ही वेळचं दूध डेअरीला जातं. आणि आमची लेक बंगळुरात नोकरीला गेली ती व्हीगन होऊन आली. दूध, तूप, दही, ताक सगळं बंद. तिच्या आईनं दोन दिवस अबोला धरला, आता जरा निवळलंय. शनिवारी तिचा वाढदिवस आहे, तिला सांगलीत विश्रामबागला एका इटालियन हॉटेलात जायचंय. मी आधीच चक्कर टाकून आलो. वेटरला विचारलं, व्हीगन काय मिळेल? म्हणाला, "काका, सगळं व्हेजच आहे, पायजे तर जैन करून देतो." मेनूत ओळीओळीला चीज. काय मागवू म्हणजे पोरगी उपाशी उठणार नाही?

कृष्णाकाठ
काका, भाकरी, झुणका, खरडा आणि वर मूठभर भडंग. बिनदुधाचं जेवण आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या चालूय, इटली कशाला?

कढई_कलथा
वाढदिवस पोरीचा आहे हो, तुमचा नव्हे.
काका, मी पुण्यात सहा वर्षं इटालियन किचनमध्ये होतो, आता मिरजेत केटरिंग करतो. नेपल्सचा जुना पिझ्झा आहे मरिनारा: टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो, ऑलिव्ह तेल. त्यात चीज मुळातच नसतं. मेनूत नसला तरी सामान प्रत्येक किचनमध्ये असतं, करून द्या म्हणायचं. पास्त्यात आग्लिओ ओलिओ, म्हणजे लसूण आणि तेल. नाहीतर अराबियाता, टोमॅटो आणि लाल मिरचीचा. पाकिटातला सुका पास्ता बहुतेक गव्हाचा रवा आणि पाणी एवढाच असतो; ताजा केलेला असेल तर त्यात अंडं असू शकतं, ते विचारा.
खरी गोची शेवटच्या अर्ध्या मिनिटात होते. सॉस झाला की कूक गॅस बारीक करून बटरचा तुकडा टाकतो, पॅन दोनदा उडवतो, पास्त्याला चकाकी येते. हाताला सवयच असते. चिठ्ठीवर 'नो बटर' लिहिलेलं वाचूनही मी टाकलंय, खोटं कशाला बोलू. पिझ्झा ओव्हनमधून निघाला की कडेला ब्रश फिरतो, तोही बटरचाच. बेसमध्ये दूध पावडर आहे का, तेही विचारा.
पेस्तोच्या, म्हणजे बेसिलच्या हिरव्या चटणीच्या, वाटेला जाऊ नका, त्यात चीज आधीच वाटलेलं असतं, काढता येत नाही. रिसोतोत, म्हणजे तिकडच्या मऊ भातात, शेवटी लोणी आणि चीज घोटतात. आणि खरं पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनं, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या अर्कानं, बनतं, म्हणजे ते आपल्या साध्या शाकाहारी माणसालाही चालायचं नाही.

बिनसायीचा_चहा
मी चार वर्षं व्हीगन आहे. माझा अनुभव सांगते, वेटरपुढं 'व्हीगन' शब्द काढूच नका. दूध, बटर, चीज, क्रीम, मेयो, अंडं, मध नको, असं एकेक नाव घेऊन सांगा. 'जैन' म्हणालात तर बिचारा कांदा-लसूण काढेल आणि भरपाई म्हणून चीज जास्त घालेल. हिरव्या ठिपक्यावरही जाऊ नका, त्यात दूध चालतं. व्हीगनचं वेगळं चिन्ह 2022 च्या नियमांत आलं, पण ते पाकिटांसाठी, हॉटेलच्या ताटावर कोण लावणार? दुपारी चारच्या सुमाराला फोन करून थेट शेफशी बोला. शनिवारी रात्री आठला कुणाला ऐकायला वेळ नसतो.

गोठेवाले_काका
जाऊन आलो. चारला फोन केला, शेफ आपल्याच तासगावकडचा निघाला. बेसमध्ये दूध पावडर होती, म्हणून पिझ्झा रद्द. आग्लिओ ओलिओ आलं, बरोबर ऑलिव्ह तेल लावून भाजलेला पाव आणि वर टोमॅटो. पहिली प्लेट आली तशी लेकीनं वास घेतला आणि म्हणाली, "आबा, बटर आहे." परत पाठवली. शेफ स्वतः बाहेर आला, सॉरी म्हणाला, दुसरी प्लेट स्वतःच्या हातानं करून आणली. कढई_कलथा, तुमचीच आठवण झाली.
वासराच्या जठराचं गाडीत सांगितलं तर तिची आई बराच वेळ गप्प, मग म्हणाली, "मग मलाबी नको ते चीज." केक मात्र कुठं मिळाला नाही. मिरजेत बिनदुधाचा कोण करतं का?