चॉकलेटमध्ये बुडवलेले भरलेले खजूर: चॉकलेट कुठलं, सारण कसलं?

गोडघाशी: मंडळी, ओव्हन नाहीये आणि घ्यायचाही नाहीये. खजुरात पीनट बटर भरून चॉकलेटमध्ये बुडवतात ना, ते करायचंय, घरी बरीच माणसं येणारेत त्यामुळे टेबलावर तास-दोन तास तरी राहणार. कंपाउंड घेऊ की खरं चॉकलेट? सारण बाहेर येऊ नये म्हणून काय करता? आणि निम्म्या स्ट्रॉबेरी केल्या तर चालतील का?

खटपट्या: खजूर मेजूल मिळाला तर बघा, मोठा आणि मऊ असतो, भरायला सोपा. एकाच बाजूने उभी चीर द्यायची, आरपार नाही, बी काढायची. पीनट बटरवर तेल तरंगत असेल तर आधी तळापासून ढवळून घ्या नाहीतर वरचं तेलकट तेवढंच भरलं जातं आणि ते गळणारच, तरी पातळ वाटलं तर बदामाची पूड घाला. भरून चीर चिमटीत दाबून मिटवा आणि अर्धा तास फ्रीजरमध्ये. पार दगड नका करू, फार गार खजुरावर चॉकलेट जाड बसतं आणि मग तडकतं.

कोकोप्रेमी: टेबलावर राहणार असेल तर कंपाउंडच घ्या. त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं, नुसतं वितळवा नि बुडवा, टेम्परिंगची, म्हणजे ठरावीक तापमानाला वितळवून गार करायची, भानगड नाही. चव खर्‍या चॉकलेटची नाही येत हे मात्र खरं.

खटपट्या: एवढी मेहनत करून कंपाउंड? छे. डार्क चॉकलेट ४५ अंशांपर्यंत वितळवायचं, त्यातलं एक तृतीयांश न वितळवता बारीक चिरून बाजूला ठेवलेलं असतं ते घालून ढवळत ढवळत ३१-३२ वर आणायचं. थर्मामीटर हवा, पण मग काय कडक, चकचकीत बसतं.

निवांत: १०० ग्रॅमला चमचाभर खोबरेल घातलं की झालं की.

कोकोप्रेमी: @निवांत, फ्रीजमधून काढून लगेच खाणार असाल तर. खोबरेल २४ अंशांच्या आसपासच वितळतं, टेबलावर तासाभरात बोटं बरबटणार.

गोडघाशी: थर्मामीटर नाही, तेव्हा कंपाउंड. आणि स्ट्रॉबेरीचं?

खटपट्या: चालेल, पण त्याच दिवशी करून त्याच दिवशी संपवायची, कापून आत काही भरलं तर रस सुटतोच. पोकळ न करता नुसती बुडवा. धुऊन पूर्ण कोरडी, देठाच्या पानांखालीसुद्धा टिपून घ्या, कारण वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे चार थेंब गेले की ते गोळा होऊन रवाळ होतं. डबल बॉयलर (गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवलेलं भांडं) वापरलात तर भांडं उचलताना बुडाचं पाणी आधी पुसा, गडबड होते ती तिथेच. मायक्रोवेव्ह असेल तर कमी पॉवरवर २०-२० सेकंद आणि दर वेळी ढवळायचं, आकार तसाच दिसतो म्हणून फसू नका, आतून वितळलेलं असतं.

निवांत: आणि समजा गोळा झालंच तर फेकू नका, थोडं गरम दूध घालून फेटा, बुडवायला नाही पण सॉस म्हणून मस्त.

कोकोप्रेमी: काट्यावर खजूर ठेवून बुडवा, टोचू नका. काटा भांड्याच्या कडेवर दोन-तीनदा आपटायचा म्हणजे जास्तीचं निथळतं, नाहीतर बटर पेपरवर खाली थारोळं साचतं. जाडं मीठ भुरभुरवायचं तर लगेच, सुकल्यावर चिकटत नाही. आणि पाहुण्यांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का ते विचारून घ्या, बाहेरून काही कळत नाही.

गोडघाशी: अरे हो, एकीला आहे! मग तिच्यासाठी सूर्यफुलाच्या बियांचं बटर?

कोकोप्रेमी: चालेल, पण डब्यावरची सूचना वाचा, चॉकलेटच्या पाकिटावरचीही. तिचे आधी करा, स्वच्छ भांड्यात, आणि वेगळ्या डब्यात ठेवा.