शिजवलेली कडधान्यं: पाण्यासकट ठेवायची की निथळून?

मेथीफुले:
संध्याकाळी घरी पोचायला साडेसात होतात. मुलांना उसळ मनापासून आवडते, पण रोज भिजवणं-शिजवणं होत नाही. राजमा, काबुली चणे, काळे वाटाणे रविवारीच शिजवून ठेवले तर किती दिवस टिकतील? पाणी काढून ठेवू का? फोडणी आधीच घालू?

आमसूल:
पाण्यासकटच ठेवा. त्यात बुडलेले दाणे सुकत नाहीत आणि रश्श्यालाही तेच दाट पाणी कामी येतं. फोडणी, वाटण नको. साधे ठेवले की एका दिवशी उसळ होते, दुसऱ्या दिवशी कोशिंबिरीत घालता येतात. दाणा बोटाने दाबला की चेपला पाहिजे, पण पीठ व्हायला नको. परत उकळी येणारच आहे, तेव्हा तो आणखी मऊ होतो.

खरी काळजी गार करताना घ्यायची. कुकर रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी डबे भरणं मला अजिबात पटत नाही. काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, अन्न कोमट राहिलं की वाढायला लागतात. आणि कुकरभर चणे मध्यभागी कितीतरी वेळ कोमटच असतात! मी सगळं परातीत ओतून पंख्याखाली ठेवते. दोन तासांच्या आत डबे फ्रीजमध्ये गेलेच पाहिजेत, मे महिन्यात तर तासाभरातच.

फ्रीजमध्ये तीन, फार तर चार दिवस. त्यापुढे लागणार असतील तर पहिल्याच दिवशी फ्रीजरला टाका; उणे 18 अंशांवर दोन-तीन महिने चव छान राहते. एका वेळेपुरते झिपच्या पिशवीत भरायचे, हवा काढायची आणि पिशवी ताटात आडवी ठेवायची. पातळ वडी गोठते, ती थेट पातेल्यात टाकता येते. बरणीत भरणार असाल तर वर दोन बोटं जागा सोडा, पाणी गोठताना फुगतं आणि काच तडकते.

परसदार:
कडव्या वालांचं मात्र वेगळं. मोड आणून, सोलून डाळिंब्या कच्च्याच गोठवायच्या. शिजवून ठेवल्या तर लगदा होतो. बिरडं करताना गोठलेल्याच फोडणीत टाका.

सातासमुद्रापार:
इकडे लंडनला बरेच जण स्लो कुकर वापरतात, म्हणून सांगते: राजमा त्यात कच्चा टाकू नका. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन हे विषारी द्रव्य असतं आणि मंद आचेवर ते जात नाही. रात्रभर भिजवून ते पाणी टाकायचं, ताज्या पाण्यात निदान 10 मिनिटं खळखळून उकळायचा, मग पुढचं.

मेथीफुले:
आमच्याकडे प्रेशर कुकरच आहे. मीठ कधी घालू?

आमसूल:
शिजतानाच, पण थोडं कमी, आत मुरतं. उरलेलं उसळ करताना. आणि प्रेशर कुकर असेल तर राजम्याची चिंता नको, फक्त नीट भिजवून पाणी बदला. पिशवीवर तारीख मात्र आठवणीने लिहा, गोठल्यावर चणे कधीचे ते कळत नाही.