एक्स लीग: बारसं कितव्यांदा?

चौथा डाउन
२००४ मध्ये 'सुपर बोल' या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात बायकांचा, अंतर्वस्त्रांत खेळायचा आणि टीव्हीवर पैसे भरून बघायचा 'लाँजरी बोल' आला. २००९ मध्ये त्याची लीग झाली, २०१३ मध्ये 'लाँजरी' जाऊन 'लेजंड्स' आलं आणि २०१९ च्या अखेरीस 'एक्स लीग' जाहीर झाली. कोविडमुळे मैदानात उतरायला २०२२ उजाडलं. शिकागो ब्लिस या संघाची ब्लिट्झ झाली, सिअ‍ॅटल मिस्टची थंडर, लॉस एंजेलिस टेम्प्टेशनची ब्लॅक स्टॉर्म. नावं सुधारली, मान्य. पोशाख मात्र तोकडाच. नेहमीच्या अकरा जणींच्या खेळात मांड्या, गुडघे, कंबरेच्या बाजू आणि माकडहाड, सगळ्याला पॅड असतात. इथे हेल्मेट, खांद्याचे पॅड, फार तर कोपर-गुडघ्याचे, की झालं. कृत्रिम हिरवळीवर टॅकल होऊन (कुणी धरून पाडल्यावर) घसरलं की मांडीची साल निघते, आणि पुढच्या आठवड्यात त्याच जागी पुन्हा. ही सुधारणा का?

गॅलरीतला
कपड्यांपलीकडे बघा की जरा. ५० यार्डांचं मैदान, सात-सात जणी, सामन्याला एका संघाच्या १४ खेळाडू. आइस हॉकी-बास्केटबॉलच्या बंदिस्त स्टेडियममध्ये मावतं. पंट (चेंडू लांब लाथाडून समोरच्यांना देणं) नाही, फील्ड गोल (खांबांमधून किक मारून गुण) नाही, म्हणजे चौथ्या डाउनलाही (चार प्रयत्नांतल्या शेवटच्यालाही) खेळायचंच. प्रेक्षक चहाला उठत नाही. २००९ पासूनच्या 'विमेन्स फुटबॉल अलायन्स'मध्ये अकरा जणींचा खरा खेळ आहे, पण खेळाडू स्वतः वर्गणी भरून खेळतात. ते टिकाऊ कसं?

मेधा_क
सात जणींची रचना बघितलीत का? एक क्वार्टरबॅक (पास फेकणारी), दोन रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणाऱ्या), तीन रिसीव्हर (पास झेलणाऱ्या) आणि पुढच्या लाइनवर एकटी सेंटर. समोर बचावाच्या दोन लाइनवाल्या. सेंटरने पायांमधून चेंडू मागे दिला की तिचा एक हात अजून खालीच असतो, तेवढ्यात त्या दोघींतली एक बाजूने निसटते. तिला अडवायचं काम रनिंग बॅकचं. तिने अर्धं पाऊल चुकीच्या बाजूला टाकलं की क्वार्टरबॅक आडवी, तीही उघड्या बरगड्यांवर. मार त्या जागीच जास्त, आणि पॅड नाही तेही तिथेच.

गॅलरीतला
म्हणून तर पास झटपट टाकायचा! लांब पल्ल्याचे डाव लावणाऱ्या कोचची ती चूक, रचनेची नव्हे. बरगड्यांचं पटलं. जर्सीखाली बरगडीचं कवच चढवलं तर तिकीटविक्री बुडेल असं मलाही वाटत नाही.

पक्या
मुळात खांद्याचे पॅडच बहुतेक पुरुषांच्या छातीच्या मापाचे. पुढचा भाग नीट बसत नाही म्हणून काखेतले पट्टे सैल सोडतात. मग हात वर केला की पॅड गळ्याशी चढतो आणि खांद्याचं टोक उघडं पडतं. हेल्मेटखाली उंच अंबाडा घातला तर तेही वर उचललं जातं. वेणी मानेलगत खाली हवी, आणि हेल्मेट हलवलं की कपाळाची कातडी सोबत हलली पाहिजे. हे कुठल्याही लीगला लागू.

बाकी, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेटसोबत फ्लॅग फुटबॉलही आहे. पाच-पाच जणी, टॅकल नाही, कमरेची पट्टी ओढायची. हुशार मुली तिकडे वळतील.

चौथा डाउन
फ्लॅगमध्ये सेंटरचं काम चेंडू देऊन पळायचं. अडवून धरण्यात जिचं कसब आहे, तिने कुठे जायचं? आणि @गॅलरीतला, वर्गणीवर नाक मुरडलंत, पण लेजंड्सच्या काळात तिकिटं विकली जात असतानाही खेळाडूंना पगार नव्हता. वर्गणीवाल्यांना निदान मांडीचे पॅड तरी मिळतात.

गॅलरीतला
पगाराचं बोललात, तिथे माझ्याकडे उत्तर नाही. चौथ्या डाउनला पंट मात्र नकोच.