नोव्हायचं घर ऐन हिवाळ्यात विकायचं आहे, खर्च आवाक्यात कसा ठेवावा?

पानगळ
नमस्कार मंडळी. आमचं घर नोव्हाय, मिशिगनला आहे. १९९६ चं बांधकाम, दुमजली, चार बेडरूम, बेसमेंट कच्चंच आहे. नवऱ्याची नोकरी डॅलसला हलली, तो तिकडे पोचलाही. मी आणि मुलगी नाताळच्या सुट्टीत जाणार, म्हणजे जानेवारीपासून घर रिकामं. आजूबाजूची विक्री बघता साडेचार लाख डॉलरच्या आसपास किंमत यावी.

प्रश्न असे: एजंट घ्यावा की आपणच विकावं? विकण्याआधी नेमकं काय दुरुस्त करावं? आणि रिकामं घर थंडीत सांभाळायचं कसं? एजंट सोडून बाकी सगळ्याला मिळून २५०० डॉलर आहेत. दोन ठिकाणचे संसार चालू आहेत, त्यामुळे हा आकडा ताणता येणार नाही. किचन नवीन करा असं कृपया सांगू नका.

मोगरा_७२
पानगळ, किचन नवीन करायचं नसेल तर निदान काउंटरटॉप तरी बदला. आम्ही २०२१ मध्ये कँटनचं घर विकलं तेव्हा क्वार्ट्झ बसवून घेतला, कॅबिनेटं पांढरी केली. पहिल्याच शनिवार-रविवारी ऑफरींचा ढीग, मागितल्यापेक्षा जास्त किंमत. साधारण नऊ हजार गेले, पण एकेक डॉलर वसूल झाला. लोक घरात शिरले की आधी किचनच बघतात.

खडक
मोगरा, त्यांचं बजेट २५०० आहे. शिवाय २०२१ मध्ये गृहकर्जाचं व्याज तीन टक्क्यांच्या घरात होतं, आता त्याहून बरंच जास्त आहे. तेव्हा कुणाचंही काहीही विकलं जात होतं, श्रेय क्वार्ट्झला देऊ नका.

मोगरा_७२
आमच्याच गल्लीत तेव्हा एक घर महिनाभर पडून होतं, जुन्या किचनचं. असो. मी माझा अनुभव सांगितला.

हिशेबी
पैसे वाचवायचे असतील तर आधी मोठ्या आकड्याकडे बघा. साडेचार लाखावर सहा टक्के म्हणजे २७,००० डॉलर कमिशन. पाच टक्के म्हटलं तरी २२,५००. फर्नेस (घर गरम करणारी भट्टी), छपराची गटरं वगैरे सगळं यापुढे चिल्लर आहे.

ऑगस्ट २०२४ पासून नियम बदललेत. खरेदीदाराच्या एजंटला किती देणार हे आता एमएलएसवर (एजंटांच्या विक्रीच्या घरांच्या सामायिक यादीवर) टाकता येत नाही आणि घर दाखवायला नेण्याआधी खरेदीदाराला आपल्या एजंटशी लेखी करार करावा लागतो. त्यामुळे दोन्ही एजंटांचे पैसे विकणाऱ्यानेच द्यायचे हे गृहीत धरू नका. समोरून मागणी आली तर ऑफर हातात असताना बोला, आधीच कबूल होऊ नका. आपल्या एजंटचे टक्केही ठरवून कमी करता येतात, कुठलाही दर कायद्याने ठरलेला नाही.

मी स्वतः फ्लॅट फी लिस्टिंग घेतलं. काही शे डॉलरमध्ये घर एमएलएसवर चढतं, फोन आपण घ्यायचे.

ट्रान्सफर टॅक्स मात्र चुकणार नाही. मिशिगनमध्ये राज्याचा हजारी ७.५० आणि काउंटीचा हजारी १.१०, विकणाऱ्याने भरायचा. तुमच्या किमतीला ३,८७० डॉलर होतात. टायटल इन्शुरन्सची (मालकी हक्काच्या विम्याची) मालकाची पॉलिसीसुद्धा इथल्या रिवाजाप्रमाणे विकणाराच देतो. हे पैसे क्लोजिंगला (खरेदी पूर्ण होताना) कापले जातात, तुमच्या २५०० मधले नाहीत, पण डॅलसचा हिशेब मांडताना धरून ठेवा.

शिल्पा_ट्रॉय
फ्लॅट फी आपण गावात असू तर ठीक. या डॅलसला असणार. जानेवारीत बर्फ पडलेलं असताना दार कोण उघडणार? इन्स्पेक्टर आला, त्याने छप्पर, फर्नेस, खिडक्या मिळून बारा हजार कमी करा म्हटलं, तर त्याच्याशी कोण भांडणार? आमच्या एजंटने एकट्या इन्स्पेक्शनच्या घासाघाशीत तिच्या कमिशनच्या जवळपास पैसे वाचवले. विपू (खात्यावर निरोप) करते, नंबर देते.

हिशेबी
तुमच्या एजंटने पैसे वाचवले हे एजंटनेच सांगितलं ना?

शिल्पा_ट्रॉय
नाही, कागद माझ्यासमोर होते. आणि तुम्ही विकलंत तेव्हा गावातच राहत होतात, ते आधी लिहा.

हिशेबी
हो, गावातच होतो. दूर राहून फ्लॅट फी अवघड आहे हे मान्य. टक्के कमी करून घेण्याबद्दलचं मत कायम.

दुलुथकर
मी मिनेसोटाचा, त्यामुळे थंडीबद्दल मला बोलू द्या. मिशिगनची थंडी आमच्यासमोर काहीच नाही, पण पाइप फुटायला तेवढी पुरते.

सगळ्यात आधी बाहेरचे नळ. होजपाइप काढा, आतला व्हॉल्व्ह बंद करा, बाहेरचा उघडा ठेवून पाणी निथळू द्या. ‘फ्रॉस्ट-फ्री’ नळ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. होज लावलेला राहिला तर पाणी आत अडकतं आणि नळ भिंतीच्या आतच तडकतो. कळतं ते वसंतात, पहिल्यांदा नळ सोडल्यावर. आमच्या भाडेकरूने होज तसाच ठेवला आणि अख्खी बेसमेंटची भिंत उघडावी लागली.

हिरवळीला पाणी घालणारे स्प्रिंकलर असतील तर कॉम्प्रेसरने हवा मारून घ्या. माझ्याकडे १०० डॉलरच्या आत होतं. स्वतः करायला जाऊ नका, दाब जास्त झाला तर पाइपच जातात.

फर्नेस तपासून घ्या, फिल्टर नवा घाला. थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटच्या खाली आणू नका, म्हणजे साधारण १३ सेल्सिअस. गॅस वाचवायला लोक ४५ वर ठेवतात आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या सिंकखालचे पाइप गोठतात. सिंकखालची दारं उघडी ठेवायची. तुमची फर्नेस नवीन पद्धतीची असेल तर तिचे दोन पांढरे पाइप बाजूच्या भिंतीतून बाहेर येत असतील. बर्फाचा ढीग तिथवर चढला की फर्नेस बंद पडते. कुणीतरी येऊन ते मोकळे करणारं हवं.

पानगळ
दुलुथकर, खूप आभार, असंच हवं होतं. स्प्रिंकलर आहे. फर्नेस २०१४ ची, पांढरे पाइपवालीच. रिकामं घर असताना पाणी पूर्ण काढून ‘विंटराइझ’ करावं का? सिंक-कमोडमध्ये गुलाबी अँटिफ्रीझ वगैरे ओततात ते?

दुलुथकर
बँकेने जप्त केलेल्या घरांना करतात तसं. विकायला काढलेल्या घराला नको. खरेदीदाराचा इन्स्पेक्टर नळ सोडून बघणार, गीझर चालू करून बघणार. प्रत्येक वेळी पाणी भरा, परत काढा, त्याचेच पैसे जातील. फर्नेस ५५ वर चालू ठेवा, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, नळ उघडून पाइपातलं पाणी उतरवा. फर्नेसला जोडलेला ह्युमिडिफायर आणि फ्रिजचा बर्फाचा पाइपही बंद. अँटिफ्रीझ कधी वापरलंच तर आरव्हीचं (घरगाडीचं) गुलाबी, प्रोपिलीन ग्लायकॉलचं. गाडीचं हिरवं विषारी असतं, ते नको.

ॲटिकवाला
सगळे खालचं बोलताय, वरचं कुणी बोलत नाही. आइस डॅम! घरातली ऊब ॲटिकमध्ये (छपराखालच्या माळ्यात) झिरपते, छपरावरचा बर्फ वितळतो, पाणी कडेला येऊन गोठतं आणि मागचं पाणी शिंगल्सखालून छतात उतरतं. मिशिगनला ॲटिकमध्ये आर-४९ ते आर-६० इन्सुलेशन हवं (आर म्हणजे ऊब अडवण्याची क्षमता). १९९६ च्या घरात एवढं नक्की नसणार. आम्ही सहा हजारांत करून घेतलं, गॅसचं बिल ठळक कमी झालं. ३० टक्के फेडरल टॅक्स क्रेडिटही मिळायचं, वर्षाला १,२०० पर्यंत.

खडक
ते क्रेडिट ३१ डिसेंबर २०२५ ला संपलं, नवीन कायद्याने. इन्सुलेशनला मजुरीवर ते मिळतही नव्हतं, फक्त सामानावर. आणि ज्यांना घर विकायचंय त्यांनी पुढच्या मालकाचं गॅसचं बिल कशाला कमी करायचं?

ॲटिकवाला
छतावर पाण्याचा डाग दिसला तर खरेदीदार पळेल, म्हणून.

खडक
त्यासाठी सहा हजार लागत नाहीत. गटर्समधली पानं काढा, ॲटिकच्या झडपेला कडेने पट्टी लावा, बाथरूमच्या पंख्याचा पाइप ॲटिकमध्येच सुटलेला नाही ना ते बघा. ऊब जिथून निसटते त्या फटी बुजवायचा फोम काही डॉलरमध्ये मिळतो.

ॲटिकवाला
फटी बुजवणं बरोबर, ते आधीच करायचं असतं. पण इन्सुलेशनला पर्याय नाही.

दोनघरवाले
विकताच कशाला? भाड्याने द्या. आम्ही फार्मिंग्टन हिल्सचं घर ठेवलं, भाड्यात हप्ता निघून वर उरतं. आज विकणारे पाच वर्षांनी हळहळतात. विकल्यावर नफ्यावर टॅक्स लागेल म्हणत असाल तर पाचपैकी दोन वर्षं राहिलेलं असलं की पतिपत्नींना मिळून पाच लाखांपर्यंतचा नफा माफ असतो. म्हणजे तीन वर्षांच्या आत विकलंत तर तेही हातचं जात नाही.

हिशेबी
दोन गोष्टी राहिल्या. भाड्याच्या काळात घसारा म्हणून घेतलेल्या वजावटीवर विकताना टॅक्स भरावा लागतो. आणि भाड्याने दिलं की मिशिगनची मुख्य घराची सवलत जाते, शाळेचा कर १८ मिलपर्यंत वाढतो (मिल म्हणजे करपात्र मूल्यावर हजारी एक डॉलर). करपात्र मूल्य दीड लाख धरलं तर वर्षाला २,७०० डॉलर. भाडं ठरवताना हे धरलं होतंत का?

दोनघरवाले
भाडं तसंच लावलंय. भाडेकरूही आपलेच मराठी आहेत, घर आरशासारखं ठेवतात.

सिंहगड_रोड
थोडं अवांतर, पण विक्रीचाच विषय आहे म्हणून. आम्ही पुण्याला कायमचे परतलो, न्यू जर्सीचं घर अजून आहे. आता विकलं तर क्लोजिंगला १५ टक्के कापतात असं ऐकतोय. खरं का?

हिशेबी
टॅक्सच्या दृष्टीने तुम्ही अनिवासी झाला असाल तर हो, फर्प्टाखाली (परदेशी मालकांच्या घरविक्रीवरच्या अमेरिकी कर कायद्याखाली) विक्रीच्या किमतीवर १५ टक्के, नफ्यावर नव्हे. तो आगाऊ कापलेला कर असतो, रिटर्न भरून जास्तीचा परत मिळतो. क्लोजिंगच्या आधी किंवा त्याच दिवशी ८२८८-बी फॉर्म भरून कमी कापायची परवानगी मागता येते. न्यू जर्सीचा आगाऊ कर वेगळा. सीपीए (हिशेबतज्ज्ञ) गाठा आणि वेगळा धागा काढा, इथे पानगळ यांचं राहून जाईल.

केतकी_लिव्होनिया
सगळ्यात महत्त्वाचं कुणीच लिहिलं नाही. इन्शुरन्स. पानगळ, आजच पॉलिसी काढून वाचा. घर रिकामं असेल तर बऱ्याच पॉलिसींमध्ये ३० किंवा ६० दिवसांनंतर काही नुकसानांची भरपाई मिळत नाही. पाइप गोठून फुटला तर घर गरम ठेवण्याची किंवा पाणी बंद करून काढून टाकण्याची काळजी घेतली होती हे दाखवावं लागतं. माझ्या मावसभावाच्या घरी वरच्या मजल्यावर पाइप फुटला, आठवड्यांनी कळलं, तोवर हार्डवुड, किचन, बेसमेंट सगळं गेलं. कंपनीने रिकाम्या घराचं कलम दाखवून हात वर केले. रिकाम्या घराची वेगळी पुरवणी मिळते, पण ती महाग असते. तुमच्या एजंटला लेखी विचारा, फोनवरचं तोंडी नको.

आणि बेसमेंटला संप पंप (साचलेलं पाणी बाहेर टाकणारा) असेल तर त्याला बॅटरी बॅकअप आहे का? तो पंप कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका.

दुलुथकर
केतकी यांच्याशी शंभर टक्के सहमत. ६० दिवसांचं मीही सांगणारच होतो.

मम_काकू
छोट्या गोष्टी. बाहेरचे फोटो आजच काढून घ्या. मेपल रंगलेत, हिरवळ अजून हिरवी आहे. जानेवारीतले राखाडी फोटो बघून कुणी येत नाही. दुसरं, फोडणीचा वास. आपल्याला येत नाही, बाहेरच्याला दारातच येतो. चिमणीची जाळी सोड्याच्या गरम पाण्यात भिजवा, कॅबिनेटांची वरची बाजू तेलकट चिकट झालेली असते ती पुसा, पडदे धुवा, कार्पेट वाफेने साफ करून घ्या. देवघरामागच्या भिंतीवर काजळी आणि कुंकू असेल तर तेवढीच भिंत रंगवा. हे सगळं चार-पाचशेत होतं. क्वार्ट्झ नको.

मोगरा_७२
वासाचं अगदी बरोबर. पण काकू, धुतलेल्या जुन्या काउंटरवर नवीन काउंटरची शोभा येत नाही.

खडक
रेडॉनची (जमिनीतून घरात येणारा किरणोत्सर्गी वायू) चाचणी करून ठेवा. मिशिगनमध्ये खरेदीदार बरेचदा करून घेतात आणि हिवाळ्यात दारं-खिडक्या बंद असल्याने आकडा चढलेला येतो. लिटरला ४ पिकोक्युरीच्या वर गेला तर यंत्रणा बसवून मागतील. घरच्या घरी करायचा किट स्वस्तात मिळतो. मात्र जे कळेल ते डिस्क्लोजरच्या (घराची माहिती खरेदीदाराला देण्याच्या) कागदावर लिहावं लागेल, लपवायचं नाही.

पानगळ
सगळ्यांचे मनापासून आभार. केतकीताई, तुमच्यामुळे पॉलिसी वाचली. आमच्यात ६० दिवसांचं कलम आहे आणि पुरवणीचा सांगितलेला दर ऐकून सगळं गणित बदललं.

नवऱ्याशी बोलून ठरवलं की मी आणि मुलगी इथेच थांबतो. तिचं शाळेचं वर्ष इथेच पूर्ण होईल, घर एप्रिलमध्ये बाजारात जाईल. तोवर तो डॅलसला एक खोली घेऊन राहील, महिन्यातून एकदा येईल. एकत्र राहायला उशीर होतोय याचं वाईट वाटतं, पण रिकाम्या घराची काळजी घेऊन तिकडे झोप लागली नसती.

फर्नेसची तपासणी, स्प्रिंकलर आणि गटर्स यांच्या वेळा घेतल्या. संप पंपाला बॅटरी घेतेय. बाहेरचे फोटो काल काढले, काकू. रेडॉनचा किट बेसमेंटमध्ये लावलाय. एजंट घेणार, पण टक्के ठरवूनच. किचन आहे तसंच राहील.

शिल्पा_ट्रॉय
एप्रिलपर्यंत थांबणं मला पटत नाही. हिवाळ्यात बघायला येणारे कमी असतात, पण ते बदली झालेले, खरंच गरज असलेले असतात. तेव्हा विकणारेही कमी असतात. पण निर्णय तुमचा. विपू बघा, नंबर दिलाय.

दोनघरवाले
एप्रिलपर्यंत विचार बदलला तर भाड्याचं नक्की बघा. आमच्या भाडेकरूंचे मित्र नोव्हायमध्येच घर शोधताहेत.

ॲटिकवाला
तिथेच राहणार असाल तर क्रेडिट नसलं तरी इन्सुलेशनचा विचार करा.

केतकी_लिव्होनिया
बॅटरी घ्याल तेव्हा संप पंपाचा बाहेर जाणारा पाइपही बघा. तोंड बर्फात गाडलं गेलं की आत पाणी परत फिरतं. आणि राहता आहातच तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तपासा, त्यांचीही मुदत संपते. तारीख मागच्या बाजूला असते.