मदत हवी आहे: आत्याच्या मोठ्या शिरेत सार्कोमा
आत्याला (वय 58) इन्फिरिअर व्हेना कावाचा लायोमायोसार्कोमा (स्नायूतून होणारा एक कर्करोग) निघालाय. पायांकडचं, पोटातलं रक्त हृदयाकडे नेणारी ही मोठी शीर. तिच्याच भिंतीतल्या स्नायूतून गाठ वाढलीय. आधी नुसती पाठ दुखायची, मग पाय इतके सुजायला लागले की संध्याकाळी चपलेचा पट्टा लागेना. गाठ मूत्रपिंडाच्या शिरांपाशी आहे. शिरेचा तुकडा काढून कृत्रिम नळी बसवावी लागेल, कदाचित उजवं मूत्रपिंडही जाईल, असं सर्जन म्हणतात. गाठ पूर्ण निघणं महत्त्वाचं, हे आम्हाला पटलंय. तरी परळच्या टाटामध्ये दुसरं मत घेणार आहोत. तिथे बायोप्सीच्या स्लाइड्सबरोबर ब्लॉकही (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) न्यावे लागतात का? कुणाकडे अशी शस्त्रक्रिया झाली असेल, तर नंतर पायांची सूज आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या कशा सांभाळल्यात? आत्या खंबीर आहे, आम्हीच घाबरलोय. कृपया लिहा.