गावचं दगडी देऊळ पाडून आरसीसीचं बांधायचं, याला जीर्णोद्धार म्हणायचं का?

वारजेकर: आमचं गाव पुरंदर तालुक्यात, महादेवाचं जुनं दगडी देऊळ आहे आणि आता कमिटीने ठरवलंय की ते पाडून स्लॅबचं बांधायचं, खाली ग्रॅनाइट वर मोठा कळस. मला अजिबात पटत नाही. रविवारी गेलो तर दारातली वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, उपटून पाण्याच्या टाकीखाली टेकण म्हणून घातलेली! खाली लढाई, मधे अप्सरा वीराला वर नेतायत, सगळ्यात वर तो पिंडीची पूजा करतोय आणि डोक्यावर चंद्रसूर्य. गावासाठी कोणीतरी जीव दिला त्याची खूण आहे हो ती.

गावातच राहतो: दादा तुम्ही येता यात्रेला नि दिवाळीला. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी गळतं, गुरव बादली लावून बसतो ते बघायला या. सप्त्याला आमच्या बाया चिखलात बसतात कारण मंडपात पन्नास माणूस मावत नाही. लोकांनी अंजीर विकून आलेल्या पट्टीतून वर्गणी दिलीय, कुणाची हौस नाहीये ही.

कोथरूडची स्नेहा: गळतं म्हणून पाडायचं?? बहुतेक ठिकाणी आधी कुणीतरी सांध्यात सिमेंट भरलेलं असतं, वरून ऑइलपेंट, मग ओल आतच कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. सांधे चुन्यानेच भरायला लागतात. इंदापूरकडचं पळसदेवचं देऊळ बघा, उजनी धरण १९८० ला पूर्ण झालं, तेव्हापासून पाण्यात, तरी उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उभंच दिसतं. आपला स्लॅब तीस वर्षांत गळायला लागतो, हे सोसायटीत राहणाऱ्याला सांगायला नको.

गावातच राहतो: ताई चुन्याचं काम करणारा गवंडी आणा ना मग. आमच्याकडचे कॉलम-बीमच जाणतात. आणि पुरातत्त्व खात्याचं नाव काढलं की लोक बिचकतात, उद्या खिळा ठोकायला पण परवानगी.

सासवडकर: सप्त्यासाठी पत्र्याचा मोठा मंडप समोर घाला की, देवळाला हात कशाला.

गावातच राहतो: समोरची जागा भावकीच्या वादात आहे, माहिती नसताना बोलू नका.

वारजेकर: बरं, देवळाचं ग्रामसभेत भांडू. वीरगळ तरी टाकीखालून काढूया, मी रविवारी येतो, चार माणसं लागतील.

गावातच राहतो: या. पहार माझ्याकडंय. पण देवळाचं बोललो ते बोललो.